जमाबंदी आणि वसूल : ब्रॉयलरच्या खाद्यातील सोयापेंड व विकरे

शिराळा तालुक्यात ज्या शेतकऱ्याच्या वस्तीवर एका अंगाला म्हशींचा गोठा आणि दुसऱ्या अंगाला ब्रॉयलर कोंबड्यांची शेड उभी असते, त्याच्या नजरेतून एक गोष्ट सहसा सुटत नाही. तिचे कारण विचारले तर मात्र तो निरुत्तर होतो. तेल काढून उरलेली सोयाबीनची पेंड म्हशीच्या आंबोणात पडली, तर ती विनातक्रार पचते आणि दुधाच्या रूपाने परत येते. तीच पेंड कोंबडीच्या खाद्यात गेली, की तिच्या दिमतीला एन्झाइमची, म्हणजे विकरांची, पूड द्यावी लागते. आणि एवढे करूनही आषाढ-श्रावणाच्या दमट हवेत भाताच्या तुसाची गादी ओली होऊन शेडमध्ये नाकाला झोंबणारा दर्प सुटला, की सारे जण पुन्हा त्या पेंडीकडेच बोट दाखवितात. घरातील गृहिणीही वाल, चवळी वा मटकी रात्रभर भिजवून ते पाणी ओतून देते आणि सवड असेल तर मोड आणते. कडधान्य जसेच्या तसे पोटात गेले तर पोट कुरकुर करते, हा तिचा पिढीजात अनुभव असतो.

कडधान्याच्या दाण्याची घडण आणि कोंबडीच्या उदराची रचना यांचा थोडा परिचय करून घेतल्यावाचून या कोड्याचा उलगडा होत नाही. आणि तो झाला, म्हणजे ती पूड केव्हा उपयोगाची आणि केव्हा निव्वळ खर्चाची, हेही आपोआप उमगते.

आकारणी एक, हाती येणारे दुसरे

महसुलाच्या दप्तराशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना जमाबंदी आणि वसूल यांतील तफावत समजावून सांगावी लागत नाही. गावाच्या नावे आकारलेली रक्कम सारीच्या सारी खजिन्यात पोचते असे नाही. काही बाकी राहते, काहीची सूट द्यावी लागते, आणि काही तर वसूल करण्याच्या खटपटीतच खर्ची पडते. खाद्याच्या पोत्यावर छापलेले प्रथिनांचे किंवा फॉस्फरसचे प्रमाण ही अशीच जमाबंदी होय. कोंबडीच्या रक्तात उतरते तो वसूल.

व्यापारात जिला सोया डीओसी म्हणतात, त्या तेल काढलेल्या पेंडीत शेकडा ४४ ते ४८ प्रथिने असतात, आणि ब्रॉयलरच्या खाद्यात मक्याच्या खालोखाल, सामान्यतः शेकडा २५ ते ३५, वाटा तिचाच असतो. ही पेंड प्रयोगशाळेतील उपकरणात जाळून तिच्यातील एकूण ऊर्जा मोजली, तर ती किलोमागे चार हजार किलोकॅलरींहून अधिक भरते. कोंबडीच्या पदरात त्यांपैकी जेमतेम सव्वादोन ते अडीच हजारच पडतात. कोंबडी वाढविण्याच्या एकूण खर्चात दोन-तृतीयांशांच्या आसपास रक्कम एकट्या खाद्याची असल्यामुळे ही तफावत क्षुल्लक मानता येत नाही. २०२१ साली सोयापेंडीचे भाव इतके भडकले, की त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारला जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड परदेशातून आणण्यास परवानगी द्यावी लागली. पेंड महाग झाली, की तिच्यातील न वसूल होणारा अंशही त्याच भावाने विकत घ्यावा लागतो.

दाण्यातील चार अडथळे

दाणा हा मुळात कोणाचे अन्न म्हणून निर्माण झालेला नाही. तो पुढच्या रोपाची शिदोरी आहे, आणि कीटक-प्राण्यांपासून ती राखण्याची व अंकुर फुटेपर्यंत जपून ठेवण्याची तजवीज निसर्गाने दाण्यातच करून ठेवली आहे. हीच तजवीज कोंबडीच्या वाटेतील अडथळा ठरते.

पहिला अडथळा आहे तो प्रथिनांचे पचन रोखणाऱ्या घटकांचा. प्रथिने तोडण्याचे काम आतड्यात ट्रिप्सिन नावाचा पाचक रस करतो. कच्च्या सोयाबीनमधील काही प्रथिने या ट्रिप्सिनलाच जखडून ठेवतात. मग स्वादुपिंड अधिकाधिक रस स्रवू लागते, स्वतः सुजते, आणि वाढीसाठी लागणारी मोलाची द्रव्ये या निष्फळ उद्योगात खर्ची पडतात. ऑस्बॉर्न आणि मेंडेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९१७ साली दाखवून दिले होते, की कच्च्या सोयाबीनवर उंदरांची वाढ खुंटते आणि तेच सोयाबीन शिजवून दिले की ती होऊ लागते. त्यामागचा एक प्रमुख घटक स्फटिकरूपाने वेगळा करण्यात कुनिट्झ यांना १९४५ साली यश आले.

दुसरा अडथळा रॅफिनोज व स्टॅकिओज या शर्करांचा. सोयापेंडीत त्यांचे प्रमाण शेकडा पाच-सहा असते. त्या तोडणारे द्रव्य ना माणसाच्या आतड्यात असते, ना कोंबडीच्या. म्हणून त्या न पचताच खाली सरकतात, आतड्यात पाणी ओढून घेतात, आणि शेवटी जंतूंच्या हाती लागून त्यांचा वायू होतो. वालाची उसळ खाल्ल्यावर आपल्याला जो त्रास जाणवतो त्याचे कारण हेच, आणि शेडमधल्या पातळ विष्ठेचे एक कारणही हेच.

तिसरा अडथळा पेशींच्या भिंतींचा. दाण्यातील प्रत्येक सूक्ष्म पेशीभोवती पेक्टिन, सेल्युलोज आदींचे तटबंद कवच असते, आणि आतील प्रथिने व स्निग्धांश त्यात कोंडलेले राहतात. सोयापेंडीच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा अशा न पचणाऱ्या बहुशर्करांचा असतो. ग्वारीच्या बियांतून डिंक काढल्यावर उरणाऱ्या कोरम्यात तर यांपैकी मॅनन वर्गाचा चिकट अंश इतका राहतो, की आतड्यातील अन्नाचा लगदा घट्ट होतो, पाचक रस त्यात मिसळत नाहीत आणि पिलांची विष्ठा बुडाला चिकटू लागते.

चौथा अडथळा, आणि हिशेबाच्या दृष्टीने सर्वांत मोठा, तो फायटेटचा. हाडांना आवश्यक असलेला फॉस्फरस दाणा एका कड्याकार रेणूभोवती सहा-सहा अंशांनी बांधून साठवितो. सोयापेंडीतील सुमारे साठ टक्के फॉस्फरस असा बांधलेला असतो. हा रेणू एवढ्यावरच थांबत नाही. कॅल्शियम, जस्त आणि लोह यांनाही तो धरून ठेवतो आणि प्रथिनांनाही अडकवितो. परिणामी पोत्यावर फॉस्फरस भरपूर असूनही कोंबडीची हाडे उपाशी राहतात, म्हणून वरून डायकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे व्यवहारातले डीसीपी, घालावे लागते. आणि न पचलेला फॉस्फरस कोंबडखताबरोबर उसाच्या शेतात जाऊन पडतो.

म्हशीला जे जमते ते कोंबडीला का जमत नाही

म्हशीच्या कोठीपोटात कोट्यवधी सूक्ष्मजंतू वस्तीला असतात, आणि खाल्लेला घास तिच्या स्वतःच्या पाचक रसांपूर्वी त्यांच्या ताब्यात जातो. फायटेट फोडणे, भिंती कुजविणे, रॅफिनोज आंबविणे ही सारी कामे ते जंतू तासन्‌तास करीत राहतात. म्हैस मागाहून त्यांच्या श्रमाचे फळ घेते. मोड आणणारी गृहिणीही वेगळ्या मार्गाने तेच साधते. दाणा भिजला, की त्याच्या आतील निद्रिस्त विकरे जागी होतात आणि अंकुराला खाऊ घालण्यासाठी दाण्याची शिदोरी स्वतःच सोडू लागतात. काही शर्करा भिजवणीच्या पाण्यात उतरून जातात, उरलेल्यांपैकी पुष्कळशा मोड येईपर्यंत संपतात.

ब्रॉयलरला यांपैकी एकही सवलत नाही. त्याच्या खाद्यातील पेंडीला मोड येणे शक्य नाही, त्याला कोठीपोट नाही, आणि चोचीतून गेलेला घास साधारण चार-पाच तासांत शरीराबाहेर पडतो. पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंच्या वर वजन करावयाचे असल्याने त्याला वाट पाहण्यासही फुरसत नाही. म्हणून जे काम म्हशीत जंतू करतात आणि मोडात दाणा स्वतः करतो, ते बाहेरून घातलेल्या विकरांकडून करवून घ्यावे, ही या साऱ्या विद्येमागील मूळ कल्पना.

विकर पोटात काय करते

विकर हे स्वतः एक प्रथिनच असते. एखादी रासायनिक क्रिया एरवी वर्षानुवर्षे घडली नसती, ती ते क्षणार्धात घडवून आणते, आणि स्वतः खर्ची न पडता पुढच्या रेणूकडे वळते. परंतु त्याचा अधिकार मर्यादित असतो : फायटेट तोडणारे फायटेज पेशीभिंतीला हात लावीत नाही, मॅनन तोडणारे मॅननेज फॉस्फरस सोडवीत नाही, आणि रॅफिनोज तोडण्यास अल्फा-गॅलॅक्टोसिडेजच लागते. अॅस्परजिलस, ट्रायकोडर्मा यांसारख्या बुरशी किंवा बॅसिलस वर्गातील जंतू मोठाल्या टाक्यांत वाढवून ही विकरे मिळवितात. काम संपल्यावर पोटात जाणारी इतर प्रथिने पचतात तशी तीही पचून जातात. ती संप्रेरके नव्हेत आणि औषधेही नव्हेत, त्यामुळे कोंबडीचे मांस खाणाऱ्याने त्यांचा धसका घेण्याचे कारण नाही.

फायटेजचा प्रवास जवळून पाहण्यासारखा आहे. कोंबडीने खाद्य टिपले, की ते प्रथम गळ्याखालच्या पिशवीत साठते. तेथे ओलावा असतो, सुमारे ४१ अंश सेल्सियसची ऊब असते आणि सौम्य आंबटपणा असतो. फायटेज येथेच कामाला लागते. तेथून घास आम्ल स्रवणाऱ्या जठरात आणि मग कलेजीबरोबर विकल्या जाणाऱ्या त्या स्नायुमय पेठ्यात जातो, जेथे तो रगडला जातो. आम्लात फायटेट विरघळलेले असते, म्हणून विकराला ते सहज सापडते, आणि सहा फॉस्फेटांपैकी एकेक सुटू लागते. मात्र घास एकदा लहान आतड्यात उतरला की आम्लता जाते, फायटेट कॅल्शियमशी जखडून गाळासारखे खाली बसते, आणि विकराचा इलाज फारसा चालत नाही. याचाच अर्थ, वसुलीची मुदत त्या पहिल्या टप्प्यापुरतीच असते. आणि खाद्यात चुनखडीची पूड अकारण जास्त पडली, तर तीही हुकते.

फायटेजचे अस्तित्व १९०७ साली जपानी संशोधकांना भाताच्या कोंड्यात आढळले. बुरशीचे फायटेज सोयापेंडीत मिसळल्यास पिलांना तिच्यातील फॉस्फरस मिळतो, हे अमेरिकेत १९६८च्या सुमारास प्रयोगाने सिद्ध झाले. पण ते परवडेल अशा किमतीत बाजारात येण्यास १९९१ साल उजाडले, आणि तेही नेदरलँड्समध्ये, जेथे पशुपक्ष्यांच्या खतातील फॉस्फरसने पाणी दूषित होऊ लागले होते. फायटेजमुळे विष्ठेतील फॉस्फरस एक-तृतीयांशापर्यंत घटू शकतो.

आधी भाजणी, मग विकर

पहिला अडथळा, म्हणजे ट्रिप्सिन जखडणारे घटक, यावर खरा उपाय उष्णता हाच आहे. तेल काढल्यावर पेंडीला वाफेची नीट धग लागली, तर ते घटक निकामी होतात. धग कमी पडली तर ते शिल्लक राहतात. जास्त झाली तर पेंड करपून तपकिरी होते आणि तिच्यातील लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल शर्करांशी असे जुळते, की कोणत्याही विकराला ते पुन्हा सोडविता येत नाही.

धग बेताची लागली की नाही, हे पाहण्याची एक युक्ती आहे, आणि तिच्यातही विकरच साक्षीदार असते. सोयाबीनमध्ये युरिएज नावाचे विकर असते आणि ते ट्रिप्सिनरोधक घटकांच्या बरोबरीनेच उष्णतेने नष्ट होते. पेंडीचा पातळ थर ताटलीत पसरून त्यावर युरिया व फिनॉल रेड यांचे पिवळसर द्रावण ओततात आणि पाच मिनिटे थांबतात. युरिएज शिल्लक असेल तर ते युरियापासून अमोनिया सोडते आणि त्या कणाभोवती लाल ठिपका उमटतो. तुरळक ठिपके उमटले तर पेंड बेताची भाजलेली. सारी ताटली लालभडक झाली तर कच्ची. आणि एकही ठिपका उमटला नाही, तर ती बहुधा करपलेली. २०२४च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना अनेक बाजारांत प्रत्यक्ष भाव त्याखाली राहिला. अशा वेळी घरचे सोयाबीन कच्चेच दळून पाखरांना घालण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु कच्च्या दाण्याची कसूर पुडीने भरून निघत नाही, तो आधी नीट भाजलाच पाहिजे.

हिशेबाचा मुद्दा

विकरांच्या बाबतीत सर्वांत मोठा गैरसमज हा, की ती टॉनिक आहेत आणि नेहमीच्या खाद्यात वरून घातली की पाखरू आपोआप वाढते. फायटेजचाच हिशेब पाहू. दर ग्रॅमला ५,००० एकके ताकद असलेली पूड टनाला १०० ग्रॅम घातली, तर किलोमागे ५०० एकके पडतात. या मात्रेने पेंड-मक्यातील जो फॉस्फरस सुटतो तो टनामागे साधारण एक किलो धरतात. डीसीपीमध्ये फॉस्फरस शेकडा १८ असतो. म्हणजे टनामागे सुमारे साडेपाच किलो डीसीपी वगळता येते. ते वगळले, तर पुडीची किंमत निघून वर शिल्लक राहते. ते न वगळता पूडही घातली, तर एकाच फॉस्फरसचे दाम दोनदा मोजले जातात, आणि जास्तीचा फॉस्फरस खतातच जातो. डीसीपी कमी करताना त्याबरोबर जाणाऱ्या कॅल्शियमचीही रुजवात घालावी लागते, हे विसरू नये.

मॅननेज, अल्फा-गॅलॅक्टोसिडेज किंवा प्रथिने तोडणारे प्रोटिएज यांचा लाभ याहून लहान आणि कच्च्या मालावर अवलंबून असतो. खाद्यात ग्वार कोरमा असेल तर मॅननेजचे काम स्पष्ट दिसते. उत्तम भाजलेल्या पेंडीवर प्रोटिएजला फारसे करण्यासारखे उरत नाही. अगदी कोवळ्या पिलांचे स्वतःचे पाचक रस अपुरे असल्याने त्यांना काही मदत होते, इतकेच.

काही गोष्टी तर विकरांच्या कक्षेबाहेरच्या आहेत. कडधान्यांत मेथिओनिन हे अमिनो आम्ल मुळातच कमी असते. जे जमाबंदीतच नाही त्याचा वसूल होणार कसा? ते वेगळे घालावेच लागते. भुईमुगाच्या पेंडीत दमट साठवणीमुळे बुरशी वाढून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार झाले, तर ही विकरे त्याला निष्प्रभ करीत नाहीत. सोयापेंडीत पोटॅशियम भरपूर असल्याने पाखरे पाणी जास्त पितात. त्यामुळे येणारी गादीची ओल विकराने हटत नाही. आणि गोळी खाद्य बनविताना ८०-९० अंशांची वाफ दिली जाते, तीत आवरण नसलेले विकर बऱ्याच अंशी मरून जाते.

> थोडक्यात
> • कच्चे सोयाबीन : उपाय विकर नव्हे, नीट भाजणी.
> • बांधलेला फॉस्फरस : फायटेज, बदल्यात डीसीपी कमी करणे आवश्यक.
> • रॅफिनोज-स्टॅकिओज : अल्फा-गॅलॅक्टोसिडेज, लाभ बेताचा.
> • ग्वार कोरम्याचा चिकटपणा : मॅननेज.
> • मेथिओनिनची उणीव, अफ्लाटॉक्सिन, करपलेली पेंड : विकराचा उपयोग नाही.

शिराळ्याच्या शेडमध्ये

करार पद्धतीने पाखरे वाढविणाऱ्याला खाद्य कंपनीकडून तयार मिळते, आणि विकरांचा हिशेब सहसा त्यातच धरलेला असतो. अशा शेतकऱ्याने पाण्यातून आणखी पुड्या देण्यात पैसे घालवू नयेत. त्याची खरी कामगिरी खाद्याची पोती जमिनीच्या ओलीपासून उचलून ठेवणे, हवा खेळती राखणे आणि गादी कोरडी ठेवणे ही होय. चांदोलीकडच्या पश्चिम पट्ट्यात, जेथे पाऊस दिवस दिवस उसंत देत नाही, तेथे तर हे विशेष. मूठभर तूस घट्ट दाबून सोडावे : गोळा हळूहळू सुटला तर ओल बेताची, तसाच राहिला तर गादी ओली, आणि मुळीच बनला नाही तर फार कोरडी.

जो शेतकरी स्वतः खाद्य मिसळतो, त्याने शंभर ग्रॅमची पूड थेट टनभर खाद्यात ओतू नये. तसे केल्यास काही पाखरांना ती मिळतच नाही. आधी किलोभर मक्याच्या पिठात, मग दहा-वीस किलो भरड्यात आणि शेवटी साऱ्या खाद्यात, अशी पायरीपायरीने ती मिसळावी. खाद्याचे सूत्र बदलण्यापूर्वी पेंडीची तपासणी करून घ्यावी आणि शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयातील किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील जाणत्याचा सल्ला घ्यावा.

आणि विक्रेत्याला तीन प्रश्न विचारल्यावाचून पुडीचे पैसे मोजू नयेत : हे नेमके कोणते विकर, ग्रॅममागे त्याची ताकद किती, आणि ते घातल्यावर खाद्यातून काय व किती वजा करावयाचे. ज्याला तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आकड्यात देता येत नाही, त्याच्याकडून ती पूड घेऊ नये.